राव्नबर्गच्या वळणावरच्या काठ्या

७ जानेवारी २०१७, शनिवार

आजपासून रोजचं लिहून ठेवणार आहे. मार्चमध्ये मला पंचाहत्तर पूर्ण होतील, आणि त्यानंतर गाडी चालवायची तर डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे आता सगळ्यांचे डोळे माझ्यावर. उद्या कोणी म्हणालं की बोर्गहिल्डला काही आठवत नाही, तर दाखवायला काहीतरी हवं.

स्टाइनार नाताळची सुट्टी संपवून बुदोला परत गेला. तिथे तो शहरातली बस चालवतो. जाताना माझ्या गाडीत एक डबी चिकटवून गेला. बुधवारपासून आमच्या नूर्लांड जिल्ह्यात जुना एफएम रेडिओ बंद होणार, अख्ख्या देशात पहिला मान आमचा. कोणी मागितला होता हा मान? नवा डिजिटल रेडिओ माझ्या जुन्या गाडीला ऐकू येत नाही, म्हणून मध्ये ही डबी. रबराच्या वाटीने काचेला चिकटते. तिला एकच बटण. फिरवायचं, दाबायचं, परत फिरवायचं, परत दाबायचं. पडदा काडेपेटीएवढा, आणि त्यावरची अक्षरं एका जागी उभी राहतील तर शपथ.

"सोपं आहे गं आई," स्टाइनार म्हणाला. "लहान पोराला जमेल."

"मग लहान पोराला दे," मी म्हटलं.

त्याला बसवायची इतकी घाई का होती? डबीवर एक निळा दिवा लुकलुकतो. हा कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, सिग्नल. कोणाला सिग्नल, ते काही सांगितलं नाही.

११ जानेवारी, बुधवार

बंद झाला. स्वयंपाकघरातला रेडिओ बोलता बोलता खरखरायला लागला. बाई वाक्य पूर्ण करायच्या आत गेली.

जवळच्या शहरातल्या शुश्रूषागृहात गेले तर तिथेही तेच. माझ्या नवऱ्याच्या, आर्नफिनच्या खोलीतला रेडिओ मुका. नवा एकच आणलाय, तो दिवाणखान्यात, आणि त्यावर नर्स पोरींची धांगडधिंगा गाणी. "बाकीचे येतील हो नंतर," नर्स म्हणाली. नंतर म्हणजे आम्ही मेल्यावर.

माझा रोजचा क्रम ठरलेला आहे. दुपारच्या जेवणाला मी आर्नफिनजवळ असते, कारण तो माझ्या हातूनच खातो. वाटेत गाडीत मच्छीमारांचा हवामान अंदाज ऐकते आणि तोंडपाठ त्याला सांगते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याच्याकडे दोनच शब्द राहिलेत. मी वारा सांगते, लाटा सांगते, तो डोळे मिटून विचार करतो आणि म्हणतो, "जाऊ" किंवा "नको". होडी विकून चार वर्षं झाली. पण ते "जाऊ" म्हणजे आमचं दिवसभराचं बोलणं आहे. ते गेलं तर मी तिथे बसून काय करू, सांगा.

स्टाइनार म्हणतो, मोबाईलवर बघ. मोबाईलवर ढगांची चित्रं असतात. आर्नफिनला चित्रं नकोत, अंदाज हवा, आणि तो दुपारचा हवा, सकाळचा शिळा नको.

१३ जानेवारी, शुक्रवार

राव्नबर्गच्या वळणावर डबीचं डोकं फिरतं. नेमका अंदाज सुरू होतो आणि डोंगर आडवा येतो. आवाज गडप. पडद्यावर "शोधत आहे" असं काहीतरी सरकतं. बटण दाबावं लागतं, नाहीतर ती डबी यादीतलं पहिलंच केंद्र पकडते आणि अकॉर्डियन सुरू होतं. आज दाबलं, फिरवलं, परत दाबलं. मग आत कुठेतरी टक् झालं आणि आवाज परत आला. म्हणजे केंद्र पकडलं की डबी टक् करते. हे स्टाइनारने सांगितलं नव्हतं.

आर्नफिन "नको" म्हणाला. वायव्येचा वारा, बरोबरच आहे त्याचं.

१७ जानेवारी, मंगळवार

वळणावरची एक काठी मोडून पडलीय. आमच्या रस्त्यावरचा बर्फ हटवायचा ठेका ओद्वारकडे; हिवाळ्याच्या तोंडावर तो रस्त्याच्या कडेने ह्या बांबूच्या काठ्या रोवतो. त्यांच्यामुळेच बर्फात त्याच्या नांगरगाडीला कड कळते. काठीपलीकडे उतार, मग खडक, मग समुद्र. आणि हा गडी स्वतःच्याच काठ्या मोडतो! पूर्वी आर्नफिनच्या होडीवर होता तेव्हाही दोर धड गुंडाळत नसे.

आणखी एक. शुश्रूषागृहाच्या आवारात उतरले तेव्हा गाडीचा उजवा आरसा आत मिटलेला. मी तो मिटवत नाही. कोणीतरी मिटवतं.

२० जानेवारी, शुक्रवार

आणखी एक काठी गेली. आरसा परत मिटलेला, आणि काचेला आता तडा. आवारात कोण कोण गाडी लावतं ते डोळ्यांत तेल घालून बघणार आहे. डबीने आज दोनदा टक् केलं.

२४ जानेवारी, मंगळवार

आज हद्द झाली. दुकानापुढे गाडीत बसून सामानाच्या यादीत मीठ लिहीत होते, रेडिओवर प्रवचन चालू होतं. शेजारी एक गाडी येऊन लागली आणि पाद्र्याच्या जागी एकदम फुटबॉल! कोणीतरी गोल केला आणि माझ्या गाडीत आरडाओरडा. ती गाडी गेली, पाद्री परत आला.

फोन केला तर स्टाइनार हसत सुटला. "आई, त्याच्या गाडीतही तशीच डबी असणार. जवळ आलं की एकीचं दुसरीत ऐकू येतं."

"म्हणजे माझं त्याला ऐकू जातं?"

"रेडिओ, आई. तुझं बोलणं नाही."

"तुला काय माहीत?"

मग म्हणाला, "गाडी चालवताना दमतेस का गं तू?" बघा. रेडिओबद्दल विचारलं, उत्तर आलं माझ्या दमण्याचं. कुठेतरी पाणी मुरतंय. पुढच्या महिन्यात सुट्टी काढून येतोय, डॉक्टरकडे माझ्याबरोबर येणार म्हणे. मी बोलावलं होतं का?

२७ जानेवारी, शुक्रवार

रागातच लिहितेय.

मालफ्रिद आज मरता मरता वाचली. मालफ्रिद म्हणजे माझी शेजारीण, आणि शाळेपासूनची एकुलती एक मैत्रीण जी अजून चालतेय. दुपारी ती बर्फावरच्या घसरगाडीवरून पत्रपेट्यांकडे गेली. सगळ्या वाडीच्या पेट्या त्या वळणावरच आहेत. खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि एका पायाने रेटत जायचं, सत्तरीत तिला चालण्यापेक्षा तेच सोपं पडतं. घसरगाडी काठीला टेकवून ठेवली, तर लक्षात आलं की टपालात टाकायचं पाकीट घरीच राहिलं. म्हणून चढ चढून परत गेली. पाकीट घेऊन येते तर गाडी खाली खडकात! खालची पोलादी पट्टी वाकलेली, खुर्चीचे तुकडे.

"कोण गेलं होतं तिथून?" मी विचारलं.

"मला काय माहीत? पाठ होती माझी. सकाळी ओद्वार नांगर फिरवून गेला तेवढंच बघितलं."

"तू गेलीस त्याच सुमाराला मी गेले अगं तिथून. मला तर काहीच दिसलं नाही."

"मग तुझ्यानंतर परत आला असेल मेला."

दुसरं कोण असणार? एवढं मोठं लोखंडाचं पातं घेऊन रस्त्यावरून तोच फिरतो. पाकीट विसरली म्हणून जगली बाई. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी नुसत्या हात धरून बसलो. मला रडू आलं. तिला नाही आलं, ती तशीच आहे.

माझाही दिवस धड नव्हता. वळणावर डबी काचेवरून सुटून पायाशी पडली, ती वाकून उचलावी लागली. आजचं टक् जरा जास्तच मोठं होतं.

३० जानेवारी, सोमवार

पालिकेत आणि पोलिसात, दोन्हीकडे तक्रार दिली. मालफ्रिदने सही केली, मजकूर माझा. मोडलेल्या काठ्या, घसरगाडी, सगळं. ओद्वारला त्या रस्त्यावरून काढा असं स्पष्ट लिहिलं. पालिकेतल्या बाईने विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी म्हटलं, बघायला मी रोज तिथून जाते, माझ्याइतकं कोणी बघत नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज इतक्या आठवड्यांच्या अंधारानंतर डोंगरावरून सूर्य दिसला, पहिल्यांदा. मालफ्रिदकडे सूर्य परतला की करतात ते गोड पाव खाल्ले, जॅम घातलेले. तेवढ्यात खिडकीतून बघते तर ओद्वार माझ्या अंगणात, माझ्या गाडीभोवती फिरतोय! खाली बसून उजव्या दारावरून हात फिरवतोय!

मी तशीच धावले. "काय शोधतोयस?"

"आरसा फुटलाय तुझा," तो म्हणाला. "माझ्याकडे जुना पडलाय एक. लावून देतो."

"मला तुझं काही नको."

टोपी काढून उभा राहिला. मोठा, अवजड माणूस, बोलायला शब्द सापडत नाहीत कधी. मग म्हणाला, "बोर्गहिल्ड, वळणावरून हळू जात जा."

धमकी. माझ्या दारात येऊन मला धमकी! तक्रार केली म्हणून. तो जाताच पोलिसांना फोन करून तेही नोंदवायला लावलं. आर्नफिनला सगळं सांगितलं, ओद्वारचं नाव ऐकून त्याने डोळे उघडले.

६ फेब्रुवारी, सोमवार

ओद्वारचा रस्ता काढून घेतला. चौकशी होईपर्यंत शहरातला दुसरा ठेकेदार येणार. मालफ्रिद म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं." माझ्या एकटीच्या का? घसरगाडी कोणाची होती?

८ फेब्रुवारी, बुधवार

शहरवाला दुपारपर्यंत आलाच नाही. गुडघाभर बर्फ. जाता आलं नाही. शुश्रूषागृहातून फोन आला, आर्नफिनने तोंड उघडलं नाही, सूपही घेतलं नाही. हे ओद्वारमुळे, दुसऱ्या कोणामुळे नाही.

११ फेब्रुवारी, शनिवार

स्टाइनार आला. आल्या आल्या गाडीभोवती एक फेरी मारली. ह्या गाडीत सगळ्यांना काय दिसतं कोण जाणे. उजव्या बाजूला गाडीचा हिरवा रंग खरवडलाय म्हणे. मी म्हटलं, शुश्रूषागृहाच्या आवारात कोणीतरी माझ्यावर डूख धरून आहे.

"आई," तो म्हणाला, "उद्या मी चालवतो. तू नुसती बस."

कळलं मला. नर्सेसशी माझ्या पाठीमागे बोलायचं असणार.

१२ फेब्रुवारी, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

स्टाइनार गाडी चालवत होता, मी उजवीकडे बसले होते. स्वतःच्या गाडीत त्या बाजूला मी आर्नफिनच्या झटक्यानंतर बसलेच नव्हते. रस्ता मोकळा, उजेड चांगला. शहरवाल्याने नव्या काठ्या रोवल्यात. अंदाज सुरू झाला. राव्नबर्ग आलं आणि आवाज गडप.

मी हात पुढे केला. "थांब, तू नको," स्टाइनार म्हणाला. "तू चुकीचं दाबतेस म्हणून होतं. हे बघ, असं फिरवायचं, मग नाव येतं, मग..."

टक्.

"आलं बघ," मी म्हटलं.

पण आलं नव्हतं. खरखर तशीच चालू होती. टक् झालं आणि आवाज आला नाही.

स्टाइनारने करकचून ब्रेक लावला. मी उजवीकडे बघितलं. आरसा आत मिटलेला. मागे नवीकोरी काठी मोडून उताराकडे लोळत होती. गाडीचं उजवं चाक कडेच्या बर्फात. त्याच्या खाली उतार आणि खडक.

तो खाली उतरला, काठीकडे गेला, परत आला. चेहरा पांढराफटक. वीस वर्षं बस चालवतो, माणसं भरून. "मी क्षणभर बघितलं फक्त," तो म्हणाला. "क्षणभर, आई."

ते टक् डबीचं नव्हतं. कधीच नव्हतं. त्या सगळ्या काठ्या माझ्या. आरसाही कोणी मिटवत नव्हतं. आणि त्या शुक्रवारी मी पायाशी वाकले होते, आणि टक् मोठं झालं होतं. मी लिहिलंय ते. माझ्याच हाताने लिहिलंय. मालफ्रिद चढावर होती, पाकीट आणायला. ती पाकीट विसरली नसती तर मी वाकले होते तेव्हा ती तिथे उभी असती.



संध्याकाळी

स्टाइनार टेबलाशी बसून म्हणाला, "कोणाला सांगू नकोस."

"काय?"

"काठ्यांच्या किमतीपायी कोणी फाशी देत नाही. घसरगाडी नवी घेऊन देऊ. पण तू बोललीस तर गाडी काढून घेतील, डॉक्टरच्या तारखेपर्यंत कशाला थांबतील? मग बाबांना कोण भरवणार? आठवड्यातून दोनदा बस आहे इथून."

"आणि ओद्वार?"

"ओद्वारला ट्रॅक्टर आहे. दुसरं काम मिळेल."

मी त्याच्याकडे बघत राहिले. महिनाभर ह्याच्यावर संशय घेतला की हा माझी गाडी काढून घ्यायला टपलाय. आणि हा बसलाय माझी गाडी वाचवायला, दुसऱ्याच्या जिवावर. आणि खरं सांगू? मला ते पटत होतं. "जाऊ" म्हणणारा आर्नफिन डोळ्यांसमोर होता. मी हो म्हणणार होते.

हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. भांडी घासली.

१३ फेब्रुवारी, सोमवार

झोप लागली नाही. उजाडल्यावर चालत ओद्वारकडे गेले. तो शेडमध्ये ट्रॅक्टरखाली होता. नुसते बूट दिसत होते, बुटांशीच बोलले.

"काठ्या मी मोडल्या. मालफ्रिदची घसरगाडीपण."

बूट हलले नाहीत. मग म्हणाला, "माहीत आहे."

बाहेर आला. कोपऱ्यातून मोडक्या काठ्या उचलून दाखवल्या. सगळ्यांवर हिरवा रंग. हा हिरवा रंग आमच्या वाडीत एकाच गाडीचा आहे.

"कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या काठीपासून."

"मग बोलला का नाहीस मेल्या!" मी ओरडलेच. "माझ्यावर का नाही ढकललंस? रस्ता गेला ना तुझा!"

"बोलायला आलो होतो की. हळू जा म्हटलं, तर तू पोलिसात दिलंस." हात पुसत राहिला बराच वेळ. "मला वाटलं, तुझे डोळे गेले. डोळे गेले म्हटलं की गाडी गेली. गाडी गेली तर कप्तानाला कोण भरवणार? रस्ता काय, परत मिळतो."

कप्तान म्हणजे आर्नफिन. अजून तसंच म्हणतो. ह्या माणसाला मी दारातून हाकलला होता.

"डोळे शाबूत आहेत माझे," मी म्हटलं. "ती डबी आहे. काल स्टाइनारच्या हातूनही तेच झालं."

तो एकदम वर बघायला लागला. "काचेला चिकटवायची? एक बटण?" ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. "माझ्याकडेही होती. तिसऱ्या दिवशी पुलाचा कठडा दिसला नाही वेळेवर. काढून फेकली." मग खाली बघून म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं. मी तुझं वय धरून बसलो."

सगळे माझं वय धरून बसले होते. मी तर अख्ख्या गावाला धरून बसले होते.

त्याच्याच ट्रॅक्टरमध्ये बसून पोलिसात गेले. कोवळा अधिकारी होता, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, हे तुम्ही आपणहून सांगताय?" लायसन्स टेबलावर ठेवायला सांगितलं. रस्त्यावरची परीक्षा होईपर्यंत गाडी बंद. पालिकेला तिथूनच फोन केला, ओद्वारचा रस्ता त्याला परत. लायसन्स ठेवताना माझा हात सुटेना, त्याने हळूच ओढून घेतलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

आज मालफ्रिदला सांगितलं. ती वॅफलचं पीठ घोटत होती. ऐकता ऐकता घोटत राहिली.

"मी पाकीट विसरले नसते तर?" तिने विचारलं.

उत्तरही तिनेच दिलं.

"तर मी मेले असते, आणि तू पुढे जाऊन आर्नफिनला वारा सांगितला असतास. आणि माझ्या मयताला येऊन ओद्वारला शिव्या दिल्या असत्यास."

"मालफ्रिद..."

"दिल्या असत्यास की नाही?"

"दिल्या असत्या," मी म्हटलं.

"सही करवून घेतलीस माझी. सही!" पिठाचा चमचा तसाच हातात होता, खाली ठिबकत होता. "जा आता, बोर्गहिल्ड."

दारात वाट बघितली जराशी. तिने परत हाक मारली नाही.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

बसने गेले. मंगळवार आणि शुक्रवार, एवढंच. आर्नफिनचे गाल बसलेत. नर्स म्हणाली, मधल्या दिवसांत जेमतेम दोन घास. "आम्ही प्रयत्न करतो हो," म्हणाली, आणि मला पहिल्यांदाच तिचं खरं वाटलं. अंदाज सांगता आला नाही, बसवाल्याकडे गाणी होती. आर्नफिन माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

मालफ्रिदच्या खिडकीला पडदा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी अंदाज बनवून सांगितला. नैऋत्येचा मंद वारा, दृश्यमानता चांगली. आर्नफिनने डोळे मिटले, उघडले, खिडकीबाहेर बघितलं. बाहेर वादळ चाललं होतं. तो काहीच म्हणाला नाही, आणि मान भिंतीकडे वळवली. दोनच शब्द होते, आज त्यांतला एकही मिळाला नाही. पुन्हा खोटं सांगणार नाही.

२ मार्च, गुरुवार

परीक्षा झाली. डॉक्टरने डोळे, कान, गुडघे सगळं ठीक म्हटलं होतंच. रस्त्यावरची परीक्षा घ्यायला एक बाई आली, केस बारीक कापलेली, हातात कागद लावलेली फळी. तिने मुद्दाम ती डबी गाडीत लावायला सांगितली. चौक, गोल चौक, पार्किंग, सगळं झालं. मग मोकळ्या रस्त्यावर म्हणाली, "आता केंद्र बदला."

डाव आहे, लगेच ओळखलं. पुढे जागा बघितली, दिवा दिला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग बटणाला हात लावला.

ती हसली नाही. फळीवर काहीतरी लिहिलं. मी वाकून बघायचा प्रयत्न केला, तर तिने फळी छातीशी धरली.

"गेल्या आठवड्यात याच प्रश्नावर एक पस्तिशीचा माणूस नापास केला मी," तेवढं बोलली.

लायसन्स मिळालं. ओद्वारने सांगितलं, त्या वळणावर कड सोडून थांबायला जागाच नाही. म्हणजे अंदाज ऐकायचा तर थांबता येणार नाही, आणि थांबल्याशिवाय मी आता त्या बटणाला हात लावणार नाही. उद्या आर्नफिनकडे रिकाम्या तोंडाने जायचं. त्याने भिंतीकडे तोंड केलं तर करू दे, भरवायचं तर मीच.

३ मार्च, शुक्रवार

डबी गाडीच्या खणात टाकून निघाले. वाडीच्या फाट्याशी वळले तर रस्त्याच्या मधोमध मालफ्रिद. हात वर करून उभी, पोलिसासारखी. मी अशी थांबले की गाडी बंदच पडली.

ती आली, दार उघडलं, आत बसली. अडीच आठवडे झाले, शब्द नव्हता आमच्यात. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. हिच्या मनात काय आहे, मला काही कळेना. ओरडणार असेल तर घरातच ओरडली असती.

"डबी कुठाय?" तिने विचारलं.

"खणात."

"काढ."

काढली. तिने ती काचेला लावली नाही, मांडीवर घेतली, चष्मा नाकावर चढवला आणि बटण फिरवून बघितलं.

"हे माझ्याकडे," ती म्हणाली. "तू रस्ता बघ. दुसरीकडे कुठेही बघायचं नाही."

मी विचारलं, "म्हणजे तू मला माफ केलंस?"

"नाही," मालफ्रिद म्हणाली. "मी खूप विचार केला. माझी पत्रपेटी त्या वळणावर आहे आणि तू रोज तिथून जाणार. तुझ्या गाडीखाली यायचं नसेल तर माझ्यासाठी एकच जागा उरते, ती तुझ्या गाडीच्या आत."

मग तिने पट्टा लावला, आणि मी गाडी परत सुरू केली.